आण्णांची जिप्सी: सव्वाचार लाख लावून मॉडिफाय करायची की आहे तशीच ठेवायची?

चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. वडिलांची 1999 ची मारुती जिप्सी किंग, पेट्रोल, फोर बाय फोर, पासिंग एमएच 19. वडील म्हणजे आण्णा मागच्या वर्षी गेले, तेव्हापासून गाडी शेडमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी. फुल मॉडिफाय करायचं गॅरेजवाल्याचं कोटेशन 4 लाख 25 हजार, ओरिजिनल ठेवून नीट करायचे 1 लाख 80 हजार, आणि पुण्याचा एक जण आहे तशी 4 लाखांना मागतोय. घरी 5 एकर केळी, वहिनी झेडपी शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत, एफडी 3 लाख. दीड लाखाची एफडी मोडून आणि पावणेतीन लाखांचं पर्सनल लोन काढून मॉडिफाय करावी असं मनात आहे, आणि शेवटी हळूच एक ओळ, "नाहीतर केसीसीतून काढले तर चालतील का" (केसीसी म्हणजे किसान क्रेडिट कार्डावरचं पीक कर्ज).

भाऊ, सरळच सांगतो. सव्वाचार लाखवालं काम करू नका. विकायचीही घाई नको. आणि 1 लाख 80 हजारवालं कामसुद्धा एका दमात नको. आता का ते सांगतो, जरा लांबेल, पण तुम्ही कोटेशनचा फोटोच पाठवलाय म्हटल्यावर ओळ न ओळ बघायला मजा येते.

पहिलीच ओळ, डिझेल इंजिन टाकणे, 1 लाख 60 हजार. तुम्ही लिहिलंय की पेट्रोल परवडत नाही म्हणून. पण त्याच मेलमध्ये लिहिलंय की गाडी वर्षाला फार तर 3 हजार किलोमीटर फिरते, शेत, मनुदेवी, उनपदेव, कधीमधी तोरणमाळ. बरं मग हिशोब करू. पेट्रोल 105 रुपये आणि लिटरला 10 चा अॅव्हरेज धरा, वर्षाचे साडेएकतीस हजार. डिझेल 92 आणि अॅव्हरेज 13 धरा, तर एकवीस हजारांच्या जरा वर. वाचले किती, दहा-साडेदहा हजार. म्हणजे 1 लाख 60 हजार वसूल व्हायला पंधरा-सोळा वर्षं, आणि तोपर्यंत ते दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतून काढलेलं जुनं इंजिन स्वतःच कामाला आलेलं असणार.

हे झालं पैशाचं. कायद्याचं त्याहून वाईट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने जशी गाडी दिली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच पक्कं केलंय. पेट्रोलच्या गाडीत मान्यता असलेलं सीएनजी किट टाकून आरसीवर चढवून घेता येतं, तेवढी वाट कायद्याने ठेवलीय, पण दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन हा पार वेगळा विषय. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाला म्हणेल "काही होत नाही भो, सगळे करतात". करतात, खरंय. पण तुमची आरसी 2024 ला रिन्यू झालीय म्हणजे 2029 ला गाडी परत पासिंगला न्यायची आहे, तिथे इन्स्पेक्टर बॉनेट उघडणार आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघणार, तेव्हा गॅरेजवाला तुमच्यासोबत उभा नसेल. त्यात वीस वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ऑगस्ट 2025 पासून 10 हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा. एवढं भरून गाडी नापास करून घ्यायची का.

दुसरी ओळ, 31 इंची टायर पाच आणि अलॉय, 95 हजार. दिसायला झकास, मी नाही म्हणत नाही. पण जिप्सी किंगला कंपनीचा टायर 205/70 आर 15, त्याची उंची साधारण 668 मिलिमीटर, आणि 31 इंची म्हणजे 787. चाक अठरा टक्के मोठं झालं. स्पीडोमीटर 50 दाखवेल तेव्हा तुम्ही 59 ने चाललेले असाल, आणि गिअर तेवढाच जड, म्हणजे 1298 सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन तोरणमाळच्या घाटात दुसऱ्यावरून पहिल्यावर येणार. मग तोच माणूस म्हणणार गिअर रेशो बदला, ब्रेक मोठे करा. एक मॉडिफिकेशन कधीच एकटं येत नाही, कोटेशनमध्ये मात्र ते एकटंच लिहिलेलं असतं. तिसरी ओळ लिफ्ट किट, 55 हजार. आधीच गाडी अरुंद, उंच आणि पाट्यांच्या स्प्रिंगवर, तिला अजून वर उचलायची आणि त्यात नववीतली पोरगी मागच्या आडव्या सीटवर बसवायची, मला नाही पटत.

बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) 60 हजार. ते लोखंडी बंपर, बुलबार, यांना केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच बंदीचं पत्र काढलंय. आणि विंचचं काय, सातपुड्यात अडकलात तर पाड्यावरचा ट्रॅक्टर येतो ना. एलईडी बार आणि वायरिंग 15 हजार, त्यावर बोलत नाही. रंग 40 हजार, रंग बदलायला हरकत नाही पण तोही आरसीवर चढवून घ्यावा लागतो, हे कोणी सांगत नाही.

आता यातला पैसा परत किती येतो ते बघा. आज गाडीला 4 लाख मागणी आहे ती कशामुळे? जिप्सी 2018-19 मध्ये बंद झाली, जुन्या चांगल्या गाड्या कमी होत चालल्यात, आणि आपल्याकडची हवा कोरडी म्हणून पत्रा टिकलाय, कोकणातली असती तर फ्लोअर कधीच गेलं असतं. पुण्याचा माणूस ओरिजिनल इंजिन, ओरिजिनल नंबर, न कापलेली बॉडी याचे पैसे देतोय. तुम्ही सव्वाचार लाख घालून ती सव्वाआठ लाखांची होत नाही, कारण तुमच्या आवडीचं बंपर दुसऱ्याला नको असतं, आणि इंजिन बदललेलं असेल तर कागद बघून निम्मे लोक फोनच ठेवतात. बॉडी एकदा कापली की ओरिजिनल परत होत नाही, ओरिजिनल गाडी मात्र पुढे कधीही मॉडिफाय करता येते. म्हणून माझा नियम साधा आहे, जे बदल एका दिवसात नट खोलून काढता येतील आणि जुना पार्ट शेडमध्ये ठेवता येईल तेवढेच करायचे, ग्राइंडर आणि वेल्डिंग लागलं की थांबायचं. (पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांना 2021 पासून व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं. तुमची 2049 ला बसेल त्यात, पोरीला सांगून ठेवा.)

लोनचं बघू. पावणेतीन लाख, तीन वर्षं, 14 टक्के धरला तर हप्ता साधारण 9 हजार 400, आणि एकूण व्याज 63 हजारांच्या आसपास. हौसेला मोल नसतं म्हणतात, हप्ता असतो. वहिनींच्या पगारातून जाईल म्हणाल, पण हे तीन वर्षं म्हणजे बरोबर पोरीची दहावी, अकरावी, बारावी. क्लासची फी त्याच पगारातून जायची आहे. तुमच्याकडचा पैसा महिन्याला येत नाही, घड कटला की येतो, आणि तोही बऱ्हाणपूरच्या केळी बाजारात भाव काय फुटतो त्यावर. मे-जूनचं एक वादळ आलं की बाग आडवी, सीएमव्ही हा विषाणू रोग आला की रोपं उपटून फेकायची, हे मी चोपडा-यावल-रावेरवाल्यांना सांगायची गरज नाही. ज्याचं उत्पन्न असं आहे त्याने हौसेसाठी ठरलेल्या तारखेचा हप्ता लावून घेऊ नये, आणि 3 लाखांतली निम्मी एफडी तर अजिबात मोडू नये, वाईट वर्षाला हाताशी तेवढीच आहे.

आणि केसीसी. भाऊ, त्याला हात लावू नका. पीक कर्ज मुदतीत भरणाऱ्याला 3 लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं म्हणून ते फुकटचे पैसे वाटतात. होतं काय, केसीसीचे पैसे गाडीत गेले की मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या लागवडीच्या वेळी खताला पैसे नसतात, मग कृषी केंद्रात उधारी, उधारीचा भाव वेगळा, आणि मुदतीला पूर्ण रक्कम उभी राहिली नाही की व्याजाची सवलत पण गेली. शिवाय शेतीसाठी घेतलेलं कर्ज गाडीला वापरणं बँकेच्या नियमातच बसत नाही.

मग विकून मोकळं व्हायचं का? तो पण हिशोब मांडून ठेवा. 4 लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 28 हजार. थर्ड पार्टी इन्शुरन्स 3,416 आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 4 हजार धरा. सर्व्हिसिंग, बारीकसारीक मिळून 18-20 हजार. म्हणजे आण्णांची गाडी दारात ठेवायची किंमत वर्षाला साधारण पन्नास हजार, पेट्रोल सोडून. हा आकडा वहिनींसमोर ठेवा. दोघांना वाटलं की वर्षाला पन्नास हजार यासाठी द्यायला हरकत नाही, तर ठेवा, त्यात लाजायचं काही नाही. फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका, "भाव वाढेल" हे कारण स्वतःला देऊ नका. पुढेमागे विकलीच तर घरवापराची गाडी आहे म्हणून भांडवली नफ्याचा टॅक्स लागत नाही, धंद्यात दाखवून घसारा घेतला असता तर गोष्ट वेगळी होती.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. मेलसोबत आरसीचा फोटो आहे, त्यावर नाव अजून आण्णांचं आहे. गाडीचा मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करायची असं नियमात आहे. मुदत गेलीय, दंड बसेल, भरा आणि करून टाका. मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर, इन्शुरन्स, पीयूसी एवढं तयार ठेवा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर ती पण. तुम्हाला दोन बहिणी आहेत आणि आई आहे, म्हणजे आज कागदोपत्री ही गाडी एकट्या तुमची नाहीच. ताई लोक काही बोलणार नाहीत हो, पण सव्वाचार लाख लावल्यावर सही मागायला जाणं आणि आत्ता जाणं यात फरक आहे. आणि इन्शुरन्सचं तर फारच महत्त्वाचं, पॉलिसीत जो 15 लाखांचा अपघात कव्हर असतो तो आरसीवरच्या मालकाला असतो. उद्या घाटात तुम्हाला काही झालं तर पॉलिसी आण्णांच्या नावाची, वहिनींच्या हातात त्यातलं काय येणार? नाव लागलं की पॉलिसीही बदलून घ्या, आणि जो काही फिटिंगचा बदल कराल तो कंपनीला लेखी कळवा, लपवलेला बदल सापडला की क्लेम अडतो.

नाव लागलं की मग गाडी. 1 लाख 80 हजारांच्या कोटेशनमध्ये इंजिन ओव्हरहॉल 45 हजार आणि पत्रा-पेंट 50 हजार, हे दोन्ही आत्ता बाजूला ठेवा. इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चेक करायला सांगा, तासाभराचं काम आहे, चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तर कार्बोरेटर साफ करून ट्यूनिंगवर भागेल. रेडिएटर आणि पाईपांचे 9 हजार मात्र आधी, जळगावचा उन्हाळा 45 ला जातो तिथे पंचवीस वर्षांचा रेडिएटर म्हणजे इंजिन तापून हेड गॅस्केट उडायला आमंत्रण. त्यातच पेट्रोलचे रबरी पाईप आणि सील बदलून घ्या, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, जुनं रबर त्याने खराब होतं, आणि गळकं पेट्रोल गरम इंजिनवर पडणं हा काय प्रकार असतो ते सांगायला नको. ब्रेक 12 हजार, पाटे-बुश 18 हजार, टायर 32 हजार. टायर कंपनीच्याच मापाचे पण जरा खोल खाचांचे घ्या, पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत रुंद टायरपेक्षा माती झटकणारा टायर कामाचा, हौसही तेवढ्यात भागते. हे सगळं मिळून 71 हजार. एफडी न मोडता, या कटाईच्या पैशातून. टप 14 हजारांचा आणि पत्रा पुढच्या बागेवर, भाव मिळाला तर, नाही मिळाला तर आणखी एक वर्ष तशीच चालवा, काय बिघडतंय. बिल पक्कं घ्या, काढलेले जुने पार्ट पोत्यात भरून घरी आणा, गॅरेजला सोडू नका.

पुण्याच्या गिऱ्हाईकाला सांगा की चार-सहा महिन्यांनी बोलू. तो टोकन पाठवतो म्हणेल, घेऊ नका, आरसीवर तुमचं नाव लागेपर्यंत तुम्हाला ती विकताच येत नाही.