माळ्यावरच्या तबकड्या विकायला काढताना

जुने वाडे पाडून स्लॅबची घरे उभी राहू लागली, तसे माळ्यावरचे आणि बळदातले सामान अंगणात येऊ लागले. त्यात ट्रंकेत किंवा पोत्यात रेकॉर्डी निघतात, आणि 'यांचे काय करायचे' असे विचारणारी पत्रे मला येतात. त्यांतल्या सहा पत्रांना इथे उत्तरे देतो.

परभणीचे वाचक लिहितात: वडिलांच्या दोनेकशे रेकॉर्डी आहेत. हिंदी चित्रपट, नाट्यगीते, थोडे शास्त्रीय, काही इंग्रजी. एक व्यापारी घरी येऊन गेला, 'सगळ्यांचे मिळून पंधरा हजार' म्हणाला. देऊन टाकू का?

आज देऊ नका. पंधरा हजार कमीच आहेत, असे मी पाहिल्याशिवाय म्हणणार नाही. कदाचित ते वाजवी असतील. पण तुमच्या ढिगात काय आहे ते त्याला कळले आहे आणि तुम्हाला कळलेले नाही, आणि अशा सौद्यात घाटा नेहमी न कळणाऱ्याचा होतो. ढिगाला ढिगाचाच भाव मिळतो. त्याच मालाची यादी केली की बोलणे बदलते.

आधी तीन थप्प्या करा. जड, जाड, दहा इंची आणि एका बाजूला एकच गाणे असलेल्या त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. हातातून पडल्या की बशीसारख्या फुटतात. बारा इंची, हलक्या, किंचित वाकणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या एलपी, ३३⅓ फेऱ्यांच्या. सात इंची बहुतेक ४५ फेऱ्यांच्या ईपी. या तिन्हींचे गिऱ्हाईक वेगळे असते. एलपी घेणारा तरुण बऱ्याचदा ऐकण्यासाठी घेतो. लाखेची तबकडी घेणारा संग्राहक असतो आणि त्याला नेमकी एखादीच हवी असते.

मग वही घ्या. प्रत्येक रेकॉर्डची एक ओळ: कंपनी, लेबलवरचा नंबर, चित्रपट किंवा गायक, भाषा, तबकडीची स्थिती, कव्हरची स्थिती. नंबर अक्षरांसकट जसाच्या तसा उतरवा. एच.एम.व्ही.च्या कितीतरी एलपींवर 'ईसीएलपी' आणि पुढे आकडे दिसतील. घेणारा त्या नंबरावरूनच ओळखतो. लेबलच्या कडेला, जिथे गाणे संपते, त्या गुळगुळीत पट्ट्यावरही बारीक कोरलेला नंबर असतो. दिवा तिरपा धरला की वाचता येतो. तोही लिहा.

आता मोल कशाला येते ते सांगतो, कारण लोकांचा अंदाज इथेच चुकतो. लेबलवर कुत्र्याचे चित्र दिसले की घरात आनंद होतो. पण एच.एम.व्ही. ही या देशातली सर्वात मोठी कंपनी होती, तिचा कुत्रा घरोघरी पोहोचला होता. गाजलेल्या चित्रपटांच्या रेकॉर्डी भरपूर छापल्या गेल्या, म्हणून आजही भरपूर मिळतात. त्यांना मागणी आहे, पण भाव स्थितीवर ठरतो. स्वच्छ वाजणाऱ्या, कव्हर शाबूत असलेल्या एलपीला काही शे रुपये येतात आणि तीच चरे पडलेली असली तर कोणी हात लावत नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या लोकांनी जिवापाड जपल्या, त्यामुळे त्या पुष्कळ टिकल्या. म्हणजे नाव मोठे असूनही दुर्मिळ नाहीत.

दुर्मिळ माल तुम्ही बाजूला टाकलेल्या थप्पीत असू शकतो. छोट्या कंपन्यांची लेबले बघा. मुंबईची 'यंग इंडिया' हे एक नाव लक्षात ठेवा. कोणाला माहीत नसलेले कीर्तनकार, शाहीर, नाटक कंपनीतले दुय्यम गायक बघा. एका बाजूला कोरी असलेली तबकडी सापडली तर ती बिघडलेली समजून फेकू नका. आपल्याकडे ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले आणि सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूने भरत. त्या काळचे काही गायक गाणे संपताना आपले नाव स्वतः उच्चारत, गौहरजानचे 'माय नेम इज गौहरजान' त्यातले सर्वात प्रसिद्ध. आणि इंग्रजी थप्पी नीट उलटून बघा. पश्चिमेत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद पडल्या, आपल्याकडे मात्र साठच्या दशकातही निघत होत्या, कारण खेड्यापाड्यांत चावीचे ग्रामोफोन चालू होते. म्हणून बीटल्सची गाणीही भारतात लाखेच्या तबकडीवर निघाली, आणि जगभरचे संग्राहक ती शोधत असतात. परभणीच्या ट्रंकेत ती असेलच असे नाही. पण न बघता देऊ नका.

भाव तपासायला 'डिस्कॉग्स'सारख्या, रेकॉर्डींची खरेदी-विक्री चालणाऱ्या संकेतस्थळावर नंबर टाका, मात्र 'मागितलेली किंमत' बघू नका. प्रत्यक्षात विकली गेलेली किंमत बघा. मागायला कोणीही काहीही मागतो.

यादी झाली की त्याच व्यापाऱ्याला पुन्हा बोलवा. दुकानदार किरकोळ भावाच्या निम्म्यापेक्षा कमी देईल, त्यात मला गैर वाटत नाही. त्याला जागेचे भाडे आहे आणि अर्धा माल वर्षानुवर्षे पडून राहतो. फक्त एक होऊ देऊ नका: तो पंचवीस उत्तम रेकॉर्डी निवडून नेईल आणि पावणेदोनशे तुमच्याकडे ठेवेल. निवडून घ्यायच्या तर प्रत्येकीचा वेगळा भाव. गठ्ठ्याचा भाव तर गठ्ठा अख्खा. मी स्वतः वीस-वीसचे गठ्ठे करतो आणि प्रत्येकात दोन-तीन चांगल्या घालतो.

जालन्याहून: आमचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. चारशेच्या वर रेकॉर्डी आहेत, लेबलवर आमच्या साउंड सर्व्हिसचे नाव ऑइलपेंटने लिहिलेले आहे. पेंट काढून विकाव्यात का?

पेंट काढू नका. खरवडताना लेबल जाईल, आणि लेबल गेले की ती काळी थाळी उरेल.

या रेकॉर्डींबद्दल खरे तेच सांगतो. त्यांनी लग्ने वाजवली, जत्रा वाजवल्या. जड हाताचा चेंजर, म्हणजे रेकॉर्डी आपोआप बदलणारे यंत्र, एकच सुई महिनोन्‌महिने, वर मांडवाची धूळ. खाचा झिजलेल्या असणार. उजेडात धरून बघा: काळी चमक जाऊन राखाडी झाक आली असेल तर गाण्यामागे खरखर ऐकू येईलच. हा माल ऐकणाऱ्याला 'चांगला' म्हणून विकू नका, नाहीतर परत येईल आणि वर बोलणी बसतील. भिंतीवर सजावटीला लावणारे, हॉटेल थाटणारे लोक असा माल गठ्ठ्याने घेतात, त्यांना झीज चालते.

पण त्याआधी चारशे उलटून बघा. लाऊडस्पीकरवाल्याकडे जो माल असे तो घरगुती संग्रहात फारसा सापडत नाही: हळदीची गाणी, पोवाडे, भारुडे, तमाशातल्या लावण्या. लोकांनी मागितले म्हणून तुमच्या घरच्यांनी ते घेतले होते. अशा वीस निघाल्या तरी त्या वेगळ्या काढा, झिजलेल्या असल्या तरी. भोंगा, अ‍ॅम्प्लिफायर आणि चेंजर रेकॉर्डींसोबत देऊन टाकू नका, त्यांचे गिऱ्हाईक वेगळे. आणि तुमच्या सर्व्हिसचे नाव लिहिलेल्या दोन तरी घरात ठेवा, ही माझी विनंती.

धाराशिवहून: 'शोले'च्या संवादांची एलपी आहे. खूप जुनी आहे, लाखभर येतील का?

नाही. पॉलिडोर कंपनीची ती रेकॉर्ड अमाप खपली होती, म्हणून आजही सहज मिळते. कव्हर धड असेल आणि चरे नसतील तर घेणारा नक्की आहे, पण भाव इतर लोकप्रिय एलपींच्या रांगेतलाच धरा.

अंबाजोगाईच्या निवृत्त शिक्षिका लिहितात: सासूबाईंच्या माहेरून, हैदराबादहून आलेल्या साठेक लाखेच्या तबकड्या आहेत. लेबलवर उर्दू आहे, घरात कोणाला वाचता येत नाही. मुलगा म्हणतो भंगारात द्या.

ताई, मुलाला थोडे थांबायला सांगा.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण मराठवाड्यातले लोक निजामाच्या राज्यात होतो. शिक्षण, कोर्टकचेरी उर्दूत, सोयरिका हैदराबादपर्यंत. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या घरांत जशी नाट्यगीते निघतात, तशा मराठवाड्यातल्या जुन्या घरांत कव्वाल्या, नात (पैगंबरांची स्तुतिगीते), गझला निघतात. या आपल्याच घरांच्या वस्तू आहेत, आणि लिपी वाचता येत नाही म्हणून त्या भंगारात जाताना बघून मला फार वाईट वाटते.

गावातल्या उर्दू शाळेतल्या गुरुजींना किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दोन तास बसवा, चहा पाजा. ते वाचतील, तुम्ही देवनागरीत लिहून घ्या: गायक, पहिली ओळ, नंबर. फोनवर दोन्ही बाजूंच्या लेबलांचे सरळ, सावली न पडता फोटो काढा. मग गिऱ्हाईक हैदराबादकडे शोधा. तिथे ही गाणी ओळखणारे आणि त्यांचे मोल जाणणारे लोक आहेत.

तडा तपासायची पद्धत मडक्यासारखीच आहे. मधल्या भोकात बोट घालून तबकडी अलगद तोला आणि कडेला बोटाने हलकी टिचकी मारा. शाबूत असेल तर स्वच्छ आवाज येतो, तडा असेल तर बद्द. खाली उशी ठेवा.

मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था १९९० पासून आहे. विकण्याआधी यादी अशा जाणकारांच्या नजरेखालून जाऊ द्या. एखादी तबकडी कोणाकडेच नसेल तर तिचे ध्वनिमुद्रण तरी जपले जाईल.

लातूरहून: माळवदाची पांढरी माती रेकॉर्डींवर बसली आहे. स्पिरिटने पुसू का? आणि काही वाकल्या आहेत, त्यांना इस्त्री चालेल का?

लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. सुतार चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो ना, तोच चपडा तुमच्या तबकडीत आहे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका भावगीताच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला होता. बोळा काळा झाला आणि गाणे त्या जागी कायमचे पुसले गेले. ते अजून मनात सलते.

आधी कोरड्या मऊ ब्रशने माती झटका. माती असताना ओले फडके फिरवले तर ती खडूसारखी खाचेत बसते आणि वर चरे पाडते. नंतर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ सुती फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसा. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून उभ्या ठेवून वाळवा, सावलीत. लेबल भिजू देऊ नका. विकणाऱ्याने एवढेच करावे, बाकी घेणारा बघेल.

इस्त्री नको, गच्चीवरचे ऊनही नको. त्या वाकल्या आहेत त्याच मे महिन्याच्या उष्णतेमुळे, आणि आडव्या थप्पीमुळे. यादीत 'वाकलेली' असे लिहा आणि पुढे जा.

स्थिती लिहिताना एक सांभाळा. या धंद्यात 'व्हेरी गुड' म्हणजे ठळक झिजलेली आणि नुसते 'गुड' म्हणजे खराबच. आपण कौतुकाने 'गुड' लिहितो आणि घेणारा ती सोडून देतो. त्यापेक्षा मराठीत सरळ लिहा: दोन हलके चरे, पहिल्या गाण्यात टकटक, कव्हरची खालची शिवण उसवलेली.

नांदेडहून: मुंबईचा एक संग्राहक चाळीस एलपी आणि दहा जुन्या तबकड्या घ्यायला तयार आहे. पाठवू कशा? आणि तोवर गाणी पेन ड्राइव्हवर भरून विकली तर?

पेन ड्राइव्ह विकू नका. रेकॉर्ड तुमची आहे, गाणे तुमचे नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, आणि कवी-संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. स्वतःला ऐकायला भरून घेतलेत तर गोष्ट निराळी.

पाठवण्याचे म्हणाल तर एलपी कव्हरमधून बाहेर काढा, आतल्या कागदी पिशवीसकट कव्हरच्या मागे ठेवा. आत राहिली तर धक्क्याने कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. दोन्ही बाजूंना पुठ्ठे, त्यांच्यातल्या रेषा एकमेकींना आडव्या. कोपऱ्यांना हवा भरलेले प्लॅस्टिक. खोके हलवून बघा: आतून आवाज आला तर पुन्हा बांधा. लाखेच्या दहा वेगळ्या खोक्यात, प्रत्येकीमध्ये पुठ्ठा, आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात. बांधण्याआधी प्रत्येकीचा फोटो घ्या आणि पैसे खात्यात आल्यावरच पाठवा.

मी तुमच्या जागी असतो तर लाखेच्या पार्सलने पाठवल्याच नसत्या. शंभर एलपींचे कव्हरसकट वीस-पंचवीस किलो होतात, तुमचे ओझे त्याच्या निम्मे. एक माणूस तपोवन एक्सप्रेसने सहज नेऊ शकतो. खोके आडवे टाकू नका, तबकड्या उभ्या राहतील असे पायाशी ठेवा, आणि खिडकीतून ऊन येणारी बाजू सोडून बसा.