हप्ता झेपत नसेल तर

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला. गृहकर्ज २० लाख बाकी, १५ वर्षे, फ्लोटिंग (बदलता) व्याजदर ९ टक्के. २०,२८५ रुपयांचा हप्ता झेपत नाही. काय करू? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : हप्ता चुकण्याआधीच शाखेत मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या, पगारपत्रके जोडा आणि पोच घ्याच. मुदत २५ वर्षे झाली तर हप्ता सुमारे १६,७८४ रुपयांवर येईल. मात्र एकूण व्याज जवळपास १३.८ लाखांनी वाढेल, म्हणून ओव्हरटाइम सुरू होताच जादा रक्कम मुद्दलात भरा. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड नसतो. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खाते एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज) होते, मग सरफेसी कायद्याची, म्हणजे तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. तीही आली तरी गप्प बसू नका. लेखी हरकत द्या. ती अमान्य असल्यास बँकेला १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात.