रिब्रीदरसाठी दोन दिवसांचा सराव पुरतो का?

प्रश्न : मालवण आणि अंदमान मिळून माझ्या सुमारे ६० स्कूबा डाइव्ह झाल्या आहेत. एका मित्राने परदेशातून वापरलेला रिब्रीदर आणला असून, अनुभवी माणसाला जलतरण तलावातील दोन दिवसांचा सराव पुरतो, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. आपला अनुभव येथे वाटतो तितका कामाला येत नाही. साध्या स्कूबात हवा संपत आली की दाबमापकाचा काटा खाली येतो, श्वास ओढणे जड जाते. रिब्रीदर आपण सोडलेला श्वासच पुन्हा देतो. त्यातील कार्बन डायऑक्साइड सोडालाइम हे यंत्रात भरलेले रसायन शोषून घेते आणि खर्च झालेल्या ऑक्सिजनची भरपाई यंत्र करते. श्वासाची निकड आपल्याला मुख्यतः साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे जाणवते, आणि तोच सतत काढला जात असल्याने ऑक्सिजनच्या सिलिंडरची झडप उघडायची राहून गेली तरी गुदमरल्यासारखे वाटत नाही. माणूस पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध होऊ शकतो. उलट ऑक्सिजनचा आंशिक दाब (वायुमिश्रणातील एकट्या ऑक्सिजनचा दाब) १.६ बारच्या वर गेल्यास झटक्यांचा धोका वाढतो, आणि पाण्याखाली झटका आला तर बुडण्याचीच भीती असते.

म्हणून शरीराला ठीक वाटत असतानाही यंत्रावरचे ऑक्सिजनचे आकडे वारंवार पाहणे आणि शंका येताच बेलआउटच्या, म्हणजे आणीबाणीसाठी सोबत ठेवलेल्या, स्वतंत्र सिलिंडरवर जाणे, ही सवय अंगवळणी पडेपर्यंत घोटावी लागते. सोडालाइम निकामी होऊन धाप लागलेल्या माणसाला तोंडातील माउथपीस क्षणभर काढणेही अशक्य वाटते, त्यामुळे ही अदलाबदल हातांना आधीपासून ठाऊक हवी.

आधी नायट्रॉक्स, म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले मिश्रण, वापरून डाइव्ह करायला शिकावे. मग नेमक्या त्याच मॉडेलच्या अधिकृत प्रशिक्षकाकडे वर्ग, तलाव आणि समुद्र मिळून साधारण आठवडाभराचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा. मॉडेल बदलल्यास प्रशिक्षणही पुन्हा घ्यावे लागते. त्यानंतर किमान ५० तास उथळ, स्वच्छ पाण्यात काढावेत, असे माझे मत आहे. मुंबईलगतचे गढूळ पाणी यासाठी योग्य नाही.

मित्राच्या यंत्राविषयी मला अधिक काळजी वाटते. ऑक्सिजन सेन्सर कपाटात पडूनही जुने होतात, आणि यंत्रातील तीन सेन्सरपैकी दोन सारखेच बिघडले, तर यंत्र चांगल्या तिसऱ्यालाच चुकीचे ठरवू शकते. उतरण्यापूर्वी पाच मिनिटे यंत्रातून श्वास घेऊन पाहावाच, तथापि त्यातून सोडालाइमचा दोष खात्रीने कळत नाही. सेन्सर बदलून, उत्पादकाच्या अधिकृत केंद्रात तपासणी होईपर्यंत हे यंत्र तलावातही वापरू नये.