गॅस गीझर पेटत नाही? आधी हे बघा

मेकॅनिकला बोलावण्याआधी खालच्या डबीतले दोन मोठे सेल बदलून बघा. नळ सोडल्यावर ठिणगीची टिकटिक ऐकूच येत नसेल, तर बहुतेक वेळा दोष सेलचाच असतो. नवे सेल घालूनही आवाज नसेल, तर पाण्याचा दाब कमी असेल. टाकीच्या लगेच खाली, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून धुवा, क्षार साचतात. टिकटिक होते पण ज्योत नाही, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर तपासा.

आता खरं महत्त्वाचं. गीझर बाथरूममध्ये बसवला असेल, तर तो आधी बाहेर, उघड्या हवेच्या जागी हलवून घ्या. खर्च होईल, होऊ द्या. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि दार उघडायचं त्राणही उरत नाही. थंडीत खिडकी लावून अंघोळ करायचा मोह होतो, म्हणून जास्त सांगतोय.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर वापर थांबवा, बर्नर साफ करून घ्या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही. बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.