व्हिनेगर वगळलं आणि केक बसला

प्रश्न : ताई, अमेरिकेत मंदीच्या काळात करायचे म्हणतात तो अंडं, दूध, लोणी काहीच न घालता होणारा केक मी करून बघितला. व्हिनेगर घरात नव्हतं, म्हटलं चमचाभरानं काय बिघडतंय, वगळलं. साखरेऐवजी गूळ, मैद्याऐवजी कणीक आणि घाण्याचं करडईचं तेल घातलं. मधेच लाइट गेली म्हणून कालवलेलं पीठ तासभर तसंच राहिलं. केक मधोमध बसला, सोड्याचा वास यायलाय, लेकरं तोंड लावनात. कामून झालं असं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : अहो, गूळ, कणीक, तेल हे सगळं चाललं असतं, नेमकं जे वगळलं तेच नडलं. या केकात अंडं नाही, त्यामुळं फुगवायचं काम सोडा आणि आंबट दोघं मिळूनच करतात, दोन्ही भेटले की गॅस होतो आणि केक वर येतो. गुळात, कोकोत थोडा आंबटपणा असतो पण चमचाभर सोड्याला तो पुरत नाही, मग उरलेला सोडा वास मारतो. व्हिनेगर नसलं तर तेवढाच लिंबाचा रस घाला, नाहीतर पाण्याच्या जागी सगळं आंबट ताक वापरा, ताक तर आपल्याकडं असतंच.

आणि तासभर ठेवलं ते चुकलंच, गॅस काय तुमच्या लाइटीची वाट बघत थांबतो का! आंबट घातलं की लगेच भांडं आत.

माप सांगते, कप 240 मिलीचा. दीड कप कणीक, 3 मोठे चमचे कोको, 1 छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ चाळून घ्या. 1 कप चिरलेला गूळ 1 कप कोमट पाण्यात विरघळवून गाळा, कचरा लई निघतो, आणि पूर्ण गार होऊ द्या. कणीक पाणी जास्त पिते म्हणून वर 2 मोठे चमचे पाणी. मग 5 मोठे चमचे तेल आणि शेवटी 1 मोठा चमचा लिंबाचा रस, भराभर कालवा पण घोटत बसू नका, कणकेचा केक चिवट होतो. तेल रिफाइंड घ्या, घाण्याच्या करडईचा वास कोको झाकत नाही. ज्वारीचं पीठ घालायची हौस असंल तर पाव हिस्साच, त्याला चिकटपणा नसतो, नुसता भुगा होतो.

ओव्हन 180 अंशाला आधीच तापवून 35 मिनिटं. लाइटीचा भरवसा नसंल तर जाड कढईत मीठ पसरून वर स्टँड ठेवा, झाकण लावून 10 मिनिटं तापवा आणि मंद गॅसवर पाऊण तास. मी स्वतः कुकर वापरत नाही, कोरडा तापवून खराब होतो.

अमेरिकेत 1930 च्या दशकात दूध-अंडी परवडत नव्हती म्हणून असले केक आले म्हणतात. आपल्याकडं 1972 च्या दुष्काळात त्याच अमेरिकेची मिलो म्हणजे लाल ज्वारी आली होती, तिच्या भाकरीची आठवण काढली तरी म्हातारी माणसं अजून तोंड वाकडं करतात.

कोको नसला तर सुंठ-वेलदोडा आणि चिरलेला खजूर घाला, मला तर तोच जास्त आवडतो. पहिल्यांदा अर्ध्याच मापानं करून बघा.