दुसरं वाजवलं तर माझं बिघडेल का?

संगीत करणारी मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेकदा वेगळंच काही घेऊन. कार्यक्रमाआधी हात थरथरतात, झोप लागत नाही, बँडमधल्या लोकांशी पटेनासं झालंय. दोन-चारदा बोलणं झालं की खालचा प्रश्न वर येतो. "इतकी वर्षं एकच प्रकार करतोय, आता गाडी पुढे सरकत नाही. दुसरं काही शिकावंसं वाटतं, पण आहे तेही हातचं गेलं तर?" शास्त्रीय गाणारे हे विचारतात, रॉक वाजवणारे विचारतात, नोटेशन समोर असल्याशिवाय पियानोला हात न लावणारेही विचारतात. शब्द वेगळे, भीती तीच. म्हणून आज एका तरुणाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

तो मेटल, म्हणजे जड आवाजाचा रॉक, वाजवणारा गिटारिस्ट. शाळेत असल्यापासून दुसरं काही वाजवलेलं नाही. लय मोजून देणारा मेट्रोनोम मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या पुढे लावून तासन्तास बसायचा. हात विलक्षण साफ, बँडमध्ये त्याच्या शब्दाला वजन. माझ्याकडे आला तो चिडचिडीची तक्रार घेऊन. नवीन रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, सुचत नव्हत्या. सुचलेली प्रत्येक रिफ दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी रिफसारखीच निघायची. "बोटं आपोआप त्याच जागी जातात," तो म्हणाला. सरावाच्या वेळी ड्रमरनं सहज सुचवलं, की थोडे दिवस वेगळं काही ऐकूया, ब्लूज म्हण, जॅझ म्हण. यानं गिटार पिशवीत घातली आणि निघून आला.

"दुसरं ऐक म्हटल्याचा एवढा राग का आला?" मी विचारलं.

"मॅडम, मेटल म्हणजे मेटल. त्यात भेसळ केली की ते मेटल राहत नाही. आणि माझी स्टाइल जी काही आहे, ती मी इतक्या कष्टानं कमावलीय."

मी संगीतातली जाणकार नाही, त्यामुळे त्या बाबतीत वाद घालायचा प्रश्नच नव्हता. पण माणूस एखादी गोष्ट फार ठामपणे बोलतो तेव्हा ती तपासून बघायला लावणं हे माझं काम आहे. मी म्हटलं, "तुझा हा प्रकार पहिल्यापासून शुद्धच होता, हे तू कशावरून म्हणतोस? जरा शोधून ये."

पुढच्या वेळी आला तो थोडा वैतागूनच. मेटलचा उगम बहुतेक जण ज्या ब्लॅक सॅबथपाशी मानतात, तो बँड १९६८ साली बर्मिंगहॅममध्ये जमला तेव्हा ब्लूज वाजवायचा. सुरुवातीच्या त्यांच्या नावातसुद्धा ब्लूज हा शब्द होता. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्या जड, काळोख्या आवाजाला जगानं कान दिला. "म्हणजे मी ज्याला शुद्ध म्हणतोय, तेच कुणीतरी मिसळून केलेलं आहे," तो स्वतःच म्हणाला.

कुणालाही वाटेल की काम झालं. पण त्यानंतरही कित्येक दिवस त्यानं ब्लूजला हात लावला नाही. कधी वेळ नव्हता, कधी तारा बदलायच्या होत्या. डोक्याला पटलं होतं, हात मात्र हलत नव्हता. माझा अनुभव असा, की दिलेलं कारण कोसळल्यावरही भीती जागची हलत नसेल, तर ते कारण खरं कारण नव्हतंच. खरं कारण त्याच्या मागे बसलेलं असतं. तिथे पोचायला फार खोदावं लागत नाही, योग्य ठिकाणी एक साधा प्रश्न टाकावा लागतो.

"समज, तू घरी एकटाच आहेस. दार बंद. कुणालाही ऐकू जाणार नाही. ब्लूज वाजवून बघशील?"

"हो. तसं बघेन की."

"आणि बँडसमोर?"

"छे, नाही."

"पण तुझी स्टाइल बिघडायचीच असेल, तर ती बंद दाराआडही तेवढीच बिघडेल ना?"

तो गप्प झाला. बराच वेळ गप्प होता. मीही मध्ये बोलले नाही. अशा शांततेत माणसाचं आत काहीतरी चाललेलं असतं आणि आपण घाईनं बोललो की ते सुटून जातं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी वाईट वाजवताना त्यांना दिसेन, मॅडम. मला वाजवता येतं म्हणून तर मी तिथे आहे. ते नसेल तर माझं काय आहे?"

या एका वाक्यासाठी आम्ही आधीची सगळी वाट चाललो होतो. शैली बिघडण्याची भीती हा वरचा, सभ्य थर असतो. खाली असतं ते पुन्हा नवशिकं दिसण्याचं भय. ज्याचा आपल्या प्रकारात कुणी हात धरू शकत नाही, तो दुसऱ्या प्रकारात पहिल्या दिवशी दहा वर्षांच्या पोरापेक्षाही चाचपडतो, आणि त्याला ते सोसत नाही. जितका हात तयार, तितकं हे भय मोठं. म्हणूनच हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नवशिके फारसे येत नाहीत, चांगले वाजवणारे येतात.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारात घडलेली आहे. १९५५च्या सुमारास त्यांनी आपली मानसोपचाराची पद्धत मांडायला सुरुवात केली. त्यांचा एक आग्रह मला आजही मोलाचा वाटतो: माणसाच्या कृतीला हवे तितके गुण द्या, माणसाला गुण देऊ नका. वाजवणं वाईट असू शकतं. ते मोजता येतं, सुधारता येतं. पण वाजवणारा त्यामुळे कमी दर्जाचा ठरत नाही. हे ऐकायला सोपं आहे. अंगी बाणवायचं तर ते बोलून होत नाही, करूनच व्हावं लागतं. ज्या गोष्टीची लाज वाटते ती मुद्दाम कुणासमोर करायची आणि बघायचं, आभाळ कोसळतं का. एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना नेमकं हेच करायला लावायचे.

मी त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी गिटार घेऊन ये. तुला जे सगळ्यात वाईट येतं ते माझ्यासमोर वाजव."

तो आला. छोटा अ‍ॅम्प खुर्चीशेजारी ठेवला. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम जड आणि खरखरीत करणारी सोय, बंद केलं आणि म्हणाला, "आता सगळं उघडं पडणार." डिस्टॉर्शन असलं की सूर लांबतो, एकसारखा दाबला जातो, बोटांचे बारीक दोष त्यात झाकले जातात, हे त्यानंच मला समजावलं. साध्या टोनमध्ये तार सोडली की सूर लगेच विरतो आणि बोटाची खरखरही ऐकू येते. मेट्रोनोम साठावर लावला. बारा बारचं, म्हणजे बारा छोट्या आवर्तनांचं, संथ ब्लूज. सुरुवात करण्याआधीच तो माफी मागायला लागला. हात गार पडलाय, सराव झाला नाही, हा माझा प्रांत नाही. मी म्हटलं, "माफी राहू दे. वाजव."

पहिल्या चार बारमध्येच त्यानं मोकळी जागा दिसेल तिथे सूर कोंबले. मग एक बेंड आला, म्हणजे तार ओढून सूर वर नेणं. मेटलमध्ये तार ओढायची तर पूर्ण किंवा अर्धा स्वर, नेमकी, ठरलेल्या जागी पोचेपर्यंत. ब्लूजमध्ये कोमल गंधार किंचितसाच वर ओढतात, शुद्ध गंधारापर्यंत नेत नाहीत. त्याचं बोट सवयीनं थेट वर जाऊन पोचलं. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा पोचलं. "हा सूर कुठेच पोचत नाही, मॅडम. मधेच थांबायचं. मला ते जमतच नाही." नवव्या बारला कॉर्ड बदलायचा तिथे त्याचा हिशेब चुकला आणि तो थांबला. कान लाल झाले होते.

"वाईट होतं ना?"

"हो," मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं. मग?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. आपण काय ऐकलं याची खात्री करून घेतल्यासारखं. आणि हसायला लागला. "मग... मग काही नाही."

हा क्षण मी खूप जपून ठेवलाय. त्या वेळी 'अरे, छान होतं' असं म्हणणं सोपं होतं. आईवडील, मित्र, पुष्कळदा शिक्षकही तेच म्हणतात, आणि प्रेमानंच म्हणतात. पण धीर देण्यासाठी बोललेलं खोटं त्या माणसाला नकळत एकच गोष्ट शिकवतं: वाईट वाजवणं इतकं भयंकर आहे की ते मोठ्यानं म्हणताही येत नाही. त्याला 'वाईट नव्हतं' हे ऐकायची गरज नव्हती. वाईट होतं, ते दुसऱ्यानं ऐकलं, मान्यही केलं, आणि तो होता तिथेच, होता तसाच बसलेला आहे, हे अनुभवायची गरज होती.

पुढचं भरभर झालं. बँडसमोर त्यानं तेच बारा बार वाजवले, तितकेच चुकत. ब्लूजचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांची रेकॉर्डिंग लावून बसायला लागला. ते गात असताना वाजवत नसत. गाण्याची ओळ संपली की गिटार उत्तर द्यायची, आणि उत्तर झालं की थांबायची. या थांबण्यानं त्याला वेड लावलं. काही महिन्यांनी त्यानं मला एक नवीन रिफ ऐकवली, अस्सल मेटल, पण तिसऱ्या मात्रेवर गिटार एकदम गप्प आणि मग सगळ्या बँडचा एकत्र तडाखा. ती जागा रिकामी सोडायचं त्याला आधी सुचलंच नसतं. तो आजही मेटलच वाजवतो. ब्लूज वाजवणारा झाला नाही, व्हायचंही नव्हतं.

आता ज्यांना हाच प्रश्न आहे त्यांच्याशी थोडं बोलते.

एक गोष्ट खरी आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. नव्या प्रकारात शिरल्यावर काही आठवडे तुमचं जुनंही डळमळल्यासारखं वाटतं. घात इथेच होतो. माणूस म्हणतो, बघा, बिघडायला लागलं, आणि सोडून देतो. खरं तर कान आधी पुढे गेलेला असतो, हात मागून येत असतो. काल जे ऐकू येत नव्हतं ते आज ऐकू येतं, म्हणून कालचंच वाजवणं आज खटकतं. हे दिवस तग धरून काढा.

नवा प्रकार पहिल्यांदा ऐकला आणि आवडला नाही, तर लगेच निकाल देऊ नका. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी तिच्याबद्दलची पसंती वाढते. अनोळखी संगीताच्या बाबतीत मी हे सतत बघते. जे पहिल्या दिवशी गोंगाट वाटतं त्यातली लय पुढे एखाद्या दिवशी अचानक सापडते.

पण नुसतं ऐकून भागत नाही. रोज नवी प्लेलिस्ट लावून दहा प्रकारांची ओळख करून घेणं म्हणजे वाढ नव्हे. एकच प्रकार घ्या आणि त्यातलाही एक छोटा तुकडा. तो आधी तोंडानं म्हणा, मग वाद्यावर काढा, शक्यतो कानानं, कागद न बघता. कारण बऱ्याच गोष्टी कागदावर दिसतच नाहीत. जॅझमधल्या स्विंग या झुलत्या लयीचे दोन एटथ नोट्स, म्हणजे अर्ध्या मात्रेचे सूर, कागदावर सारखे लिहिलेले असतात, वाजतात मात्र एक लांब, एक आखूड. क्यूबन संगीतातला क्लावे हा पायाभूत ठेका म्हणजे दोन बारमध्ये पाच टाळ्या, एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. वाचायला अर्धा मिनिट लागतो, अंगात भिनायला कितीतरी दिवस. माझं सगळ्यांना सांगणं असतं, की सुरांच्या आधी लय पकडा. आपण मुळात कुठल्या घडणीतले आहोत हे लयीतच सगळ्यात लवकर उघडं पडतं, आणि बदलही तिथूनच सुरू होतो.

आणि कुणाला तरी ऐकू द्या. बंद दाराआड हात सुधारेल, भीती तशीच राहील. हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शास्त्रीय संगीत शिकायला गेले तेव्हा चित्रपटसंगीतात नाव मिळवलेले बासरीवादक होते. पहिल्यापासून शिकायची आपली तयारी आहे हे दाखवायला त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे घेतली. ज्या बोटांनी पोट भरत होतं तीच बोटं पुन्हा अडखळू द्यायची, याला किती मोठं धैर्य लागत असेल! माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणांना मी हे सांगितलं आहे आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना पाहिला आहे.

प्रत्येकानं लगेच बाहेर पडावं असं मात्र मी म्हणत नाही. कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकगीतांतून धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग उभे केले, पण त्याआधी त्यांचे गुरू बी. आर. देवधर यांच्याकडची पक्की तालीम त्यांच्या गळ्यात होती. तुमचा पहिला प्रकार अजून अंगात मुरलेला नसेल आणि गुरू थांब म्हणत असतील, तर त्यांना कारण विचारा, शांतपणे ऐका. बहुतेकदा त्यांना तुमच्या सुराची किंवा हाताच्या बैठकीची काळजी असते आणि ती रास्त असते. उत्तरात संगीताचं काहीच नसेल, फक्त धाक असेल, तर तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मोकळेपणानं बोलायलाच हवं.

याच्या उलट टोकाची माणसंही येतात. सहा महिने जॅझ, मग फ्लॅमेंको, मग इलेक्ट्रॉनिक. उत्साह खरा असतो, पण नीट विचारलं की कळतं, प्रत्येक ठिकाणी अवघड जागा आली आणि पाय तिथूनच निघाला. नवशिकेपण गोड असतं तोवर थांबायचं, चुका बोचायला लागल्या की पुढचा प्रकार. भय तेच, पळायची दिशा तेवढी वेगळी. त्यांना मी आणखी नवीन काही सुचवत नाही. शेवटचा प्रकार नेमका कुठल्या जागेवर सोडला, कुठला ठेका, कुठला तुकडा, हे आठवून लिहायला सांगते, आणि पुढच्या वेळी वाद्य घेऊन तिथूनच सुरुवात करतो.