घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट नीट दिसायला फ्लॅश, जावा वगैरे वेगळं टाकून घ्यावं लागतं का?

नाही. दुकानदार फ्लॅश, जावा आणि सिल्व्हरलाइट (वेबसाइटवरचे व्हिडिओ, खेळ वगैरे चालवायला पूर्वी ब्राउझरला जोडावे लागणारे प्रोग्रॅम) टाकून द्यायचे बाराशे मागतोय असं तुम्ही लिहिलंय. एक रुपया देऊ नका.

फ्लॅश ते बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीनेच ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालणारच नाही अशी तजवीजही केली. जावाचं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा भाग, क्रोम ब्राउझरने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये काढून टाकलं. सिल्व्हरलाइट ऑक्टोबर २०२१ मध्ये संपलं. व्हिडिओ, आवाज, पीडीएफ सगळं आता ब्राउझरच दाखवतो. आज कुणी फ्लॅश टाकून देतो म्हणत असेल, तर एकतर त्याला माहीत नाही किंवा तो फसवतोय.

एवढं तावातावाने लिहितोय कारण हेच आमच्या घरात झालंय. माझे वडील सांगलीत एकटे असतात. दिवसातून दोनदा पेपर वाचणं आणि पेन्शन जमा झाली का बघणं, एवढाच त्यांचा कॉम्प्युटर. एका मालिकेच्या साइटवर 'फ्लॅश जुनं झालंय, अपडेट करा' अशी चौकट आली. फ्लॅश तेव्हा केव्हाच बंद झालेलं होतं. वडिलांनी दाजींना फोन केला, दाजी म्हणाले, "करून टाका, लागतंच ते." त्यानंतर होमपेज बदललं, कोपऱ्यातून जाहिराती उडायला लागल्या, एक पान उघडायला चहा होईल इतका वेळ. वडिलांना वाटलं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, आणि त्यांनी कॉम्प्युटर लावणंच सोडलं. मला राग त्याचा आहे.

मी गेलो तेव्हा कंट्रोल पॅनलमधून अनोळखी प्रोग्रॅम काढले, ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) उडवली, नोटिफिकेशनच्या परवानग्या बंद केल्या. नवीन काहीही टाकलं नाही. पेपर पुन्हा दिसायला लागला.

दाजींचं अजून म्हणणं आहे की "मी फॉन्ट टाकून दिला म्हणून तुम्हाला मराठी पेपर दिसला." जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात ते खरंच होतं. तेव्हा बऱ्याच मराठी साइट स्वतःचा फॉन्ट वापरायच्या, तो उतरवून घेतला नाही तर चौकोन आणि रोमन अक्षरांचा खिचडा दिसायचा. युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, तिच्यातल्या मराठीसाठीसुद्धा एक्सपीची सीडी घालून भारतीय भाषांची सोय चालू करावी लागायची. दाजींनी तेव्हा खूप मदत केली, ते मी कधी नाकारलेलं नाही. पण साइट युनिकोडवर आल्या, विंडोजमध्ये देवनागरी आधीपासून यायला लागली, तिथे ते काम संपलं. तेव्हा लागत होतं म्हणून आजही लागतं, हे मला मान्य नाही. आणि 'असू दे, लागेल कधीतरी' हे तर अजिबातच नाही. न वापरलेला प्रत्येक जुना प्रोग्रॅम म्हणजे चोराला आत यायची आणखी एक वाट.

तुम्हाला नेमकी कुठली साइट दिसत नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. विंडोज ७ असेल तर खरं कारण बहुधा तेच आहे. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, आणि नव्या साइट जुन्या ब्राउझरवर मोडतात. बाराशे रुपये नव्या विंडोजच्या कामी लावा, मशीन झेपत असेल तर.

दोन अपवाद आहेत. जीएसटी किंवा कंपनीच्या कामासाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचा ड्रायव्हर आणि त्या पोर्टलने सांगितलेला सहीचा प्रोग्रॅम लागतो. तो पोर्टलवरूनच घ्या. आणि ई-आधारच्या पीडीएफवरची सही तपासायची असेल तर ब्राउझर पुरत नाही, अ‍ॅडोबी रीडर घ्यावा लागतो. तो फुकट आहे.